बोट लागलीच नाही!

मराठवाड्यात ‘बोट’ म्हटलं की लोक आपल्या हाताकडे बघतात. आमचा समुद्राशी संबंध साधारण तेवढाच. त्यातून मी राहते मुकुंदवाडीत. छत्रपती संभाजीनगर बघितलेल्यांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: जालना रोड, एका हाताला सिडको, पुढे चिकलठाण्याची एमआयडीसी आणि विमानतळ, आणि मध्ये आम्ही. आम्हाला स्वतःचं रेल्वे स्टेशनसुद्धा आहे. छोटंसं. पॅसेंजर थांबतात, मोठ्या गाड्या मात्र धाडधाड निघून जातात. खिडकीतला चेहरा दिसतो न दिसतो तोच डबा पुढे गेलेला असतो. त्यामुळे ‘ही आपल्यासाठी थांबणार नाही’ या विषयात मुकुंदवाडीकरांची पीएच.डी. झालेली असते, असं मी गमतीने म्हणते.

गाडीचं ठीक आहे हो. पण पैसे भरून ज्यात बसलोय ते अख्खं जहाजच जर म्हणालं की आज थांबणार नाही, तर?

तर झालं असं, की गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी आई-बाबांना घेऊन क्रूझवर गेले. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर एक दिवस उतरायचं, परत मुंबई. क्रूझ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. डेकवरचा पूल, रात्रीचा डीजे आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचे, खास बॉसला दिसतील असे फोटो. ते सगळं बोटीवर होतं. आमचं कारण वेगळं होतं. बाबांचे डोळे.

बाबा ३१ वर्षं एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये होते. शेड मॅच करायचं काम. रंगवलेला पत्र्याचा तुकडा दारातल्या उजेडात धरायचा आणि सांगायचं, ‘यात पिवळा जास्त झालाय.’ मशीननेही नंतर तेच सांगितलं की त्या दिवशी घरी चहा दोनदा व्हायचा. रिटायर झाल्यावर शुगरने डोळ्यांचा पडदा गाठला. लेझर झालं, डोळ्यांतली इंजेक्शनं झाली. (हो, इंजेक्शन डोळ्यातच देतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला होता.) उजव्या डोळ्याचं फारसं काही उरलेलं नाही. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, ‘टिकवायचा प्रयत्न करू.’ त्या वाक्यातला ‘प्रयत्न’ आम्हा तिघांनाही नीट ऐकू आला. ‘रंग दिसतो, रेघ दिसत नाही,’ असं बाबा सांगतात. म्हणजे समोरच्याचा शर्ट कळतो, माणूस कोण ते आवाजावरून.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपमधले फोटो आले आणि निम्मा देश तिकिटं शोधायला लागला होता, आठवतंय? बाबांनी तेव्हा मोबाइल डोळ्याला चिकटवून ते पाणी बघितलं. ‘हा खरा रंग नाही. वाढवलेला आहे,’ असा निकाल दिला. मग चार दिवसांनी जेवता जेवता म्हणाले, ‘खरा कसा असेल कोण जाणे.’ बस्स, विषय संपला. आमच्या घरात हट्ट असाच करतात.

मी पैसे साठवायला लागले. फ्रीलान्स पत्रकाराने पैसे साठवणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. लेख छापून येतो, कौतुकाचे मेसेज येतात, चेक मात्र तीन महिन्यांनी आणि आठवण करून दिल्यावर. त्या वर्षी मी एका कंपनीचं हाऊस मॅगझिन काढलं आणि दोन लग्नांसाठी ‘आमची लव्ह स्टोरी’ नावाच्या पुस्तिका लिहिल्या. (दोन्ही जोडप्यांची लव्ह स्टोरी कॉलेजच्या कँटीनमध्ये सुरू झाली होती. चहाचे दर तेवढे वेगळे.) बुकिंग करताना एक गोष्ट मी मुद्दाम विचारून घेतली: अगत्तीला धक्का आहे, की होड्यांनी उतरवतात? उत्तर आलं, होड्यांनी. हवा बिघडली तर बंदर रद्द होऊ शकतं, असंही तिकिटाच्या अटींमध्ये लिहिलेलं होतं. मी घरी ते वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, ‘तिथं जाऊन तर बघू.’

देवगिरीने रात्रभर प्रवास, सकाळी सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पियर. आईने आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही गेटबाहेरच संपवल्या, कारण आत नेऊ देतील की नाही याची खात्री नव्हती आणि दशमी टाकून देणं हे आमच्याकडे पाप आहे. संध्याकाळी बोट हलली. मुंबईचे दिवे मागे गेले. जेवणं झाली आणि रात्री आईला जी बोट लागली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. आलं-लिंबाचा तुकडा तोंडात धरून ती पलंगावर पडून होती. ‘काहून आणलंस गं मला,’ एवढंच अधूनमधून.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही तयार होतो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईने साडीवर स्पोर्ट्स शूज. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, त्याचे कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवले होते. आणि स्पीकर खरखरला. कॅप्टनचा आवाज, इंग्रजीत, मग हिंदीत. स्वेल जास्त आहे, प्रवाशांना होड्यांत उतरवणं सुरक्षित नाही, आजचा अगत्तीचा कार्यक्रम रद्द.

मी पडदा सारून बाहेर बघितलं. लख्ख ऊन! वारा जवळपास नाही. पाणी निळंशार. अशा हवेला ‘खराब’ कोण म्हणतं?

रिसेप्शनवर पाच मिनिटांत शंभरेक लोक जमले. तिथला सीन तुम्हाला सांगायची गरज आहे का? प्रत्येकाच्या हातात फोन, व्हिडिओ चालू, आणि रेंज नाही म्हणून अपलोड होत नाही याचा वेगळा संताप. एक जण ओरडत होता, ‘आय हॅव टेकन फाइव्ह डेज लीव्ह!’ माझी खरं तर त्याला सहानुभूती होती. पाच दिवसांची रजा मिळवायला काय काय करावं लागतं ते तुम्हाला-मला माहीत आहे. हनीमूनला आलेल्या एका मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि नवरा तिला सोडून काउंटरवर हात आपटत होता, हे काही मला बरं वाटलं नाही. मीसुद्धा रांगेत होते. राग तर आलाच होता, माझ्या तर दोन लव्ह स्टोऱ्या पाण्यात गेल्या होत्या. आई मागून म्हणाली, ‘काहून ओरडू राहिले हे लोक? समुद्र का त्या पोरीच्या हातात आहे?’

काउंटरवरची पोरगी जेमतेम बावीस-तेवीसची. तिला रिफंडबद्दल विचारून काही होणार नव्हतं. मी तिला विचारलं, ‘बोट आता बेटाजवळून जाणार का? कोणत्या बाजूने?’ ती गडबडली. हा प्रश्न तिच्या यादीत नसावा. तिने आत फोन लावला, आणि मला चिठ्ठीवर लिहून दिलं: साडेदहाच्या सुमारास, वरचा डेक, डावी बाजू.

वर डेकवर रत्नागिरीकडचे एक आजोबा भेटले. आयुष्य मर्चंट नेव्हीत काढलेले, गळ्यात दुर्बीण. अख्ख्या बोटीवर शांत चेहऱ्याचा हाच एक प्रवासी. मी त्यांना लख्ख उन्हाबद्दल विचारलं.

‘अगो, वारा इथे नाय, पण लाट इथे आहे ना,’ ते म्हणाले. लांब कुठेतरी, शेकडो किलोमीटरवर समुद्र खवळलेला असतो. तिथून सुटलेली लाट दिवसेंदिवस चालत येते. वरून ती दिसत नाही, फेसही नसतो, नुसतं पाणी श्वास घेतल्यासारखं वर-खाली होतं. भल्यामोठ्या बोटीला त्याचं काही नाही. पण तिच्या पोटाशी एक दार उघडतात, तिथून माणसांना लहान होडीत पाय टाकायचा असतो. दार जागच्या जागी आणि होडी कधी गुडघ्याशी, कधी डोक्याशी. पाय टाकायचा क्षण चुकला तर माणूस दोन पत्र्यांच्या मध्ये. ‘तुझ्यासारखी उडी मारून जाईल. तुझ्या वडलांचं काय?’ बाबांना पायरीची रेघ दिसत नाही हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यांनी ते बाबांच्या चालण्यावरून ओळखलं होतं.

मग त्यांनी अगत्तीची रचना समजावली. बेट सात-साडेसात किलोमीटर लांब, रुंदी जेमतेम एक किलोमीटर. एवढ्याशा पट्टीवर १९८८ पासून विमानाची धावपट्टीसुद्धा आहे. पश्चिमेला पोवळ्यांची भिंत, भिंतीच्या आत उथळ पाणी, म्हणजे लगून. भिंतीच्या बाहेर समुद्र एकदम खोल. म्हणून मोठी बोट बाहेरच थांबते आणि होड्यांनी जायचं. मुंबई, मुरगाव, कोची इथे बोट सरळ धक्क्याला लागते, त्यामुळे तिथे असली भानगड कमी. आणखी एक मला माहीत नसलेली गोष्ट इथे लिहून ठेवते. केरळ-लक्षद्वीपकडे अशा न सांगता येणाऱ्या लाटांना ‘कल्लक्कडल’ म्हणतात. कल्लन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. चोरासारखा येणारा समुद्र! २०१२ मध्ये युनेस्कोने हा शब्द शास्त्रात मान्य केला आणि हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था त्याचे इशारे देते. उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये तो जास्त येतो, तेव्हा आमच्या वाट्याला आलेला चोर तोच होता असं नाही. पण भाऊबंद असावा.

‘आमची आई मुंबईहून गावी यायची ना, तेव्हा बोट अशीच लांब उभी राहायची,’ आजोबा सांगत होते. पडाव यायचे, बोचकी आणि पोरं हातोहात खाली. दर्या चढलेला असला की बोट बंदर घ्यायचीच नाही, पुढच्या बंदरात उतरायचं आणि चालत मागे यायचं. मग ते जरा थांबले. ‘आणि एकदा न थांबता गेलीच, ती रामदास.’

रामदास बोटीचं नाव मी मास कॉमच्या कुठल्याशा वर्गात ओझरतं ऐकलं होतं. १७ जुलै १९४७. गटारी अमावास्या. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सणाला घरी चाललेली माणसं, आषाढातला समुद्र. काश्याच्या खडकाजवळ बोट कलली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले, आणि उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबईपासून एवढ्या जवळ, की मुंबईला दुपारपर्यंत पत्ताही नव्हता.

तेव्हा ‘आज नाही’ म्हणायचा हक्क कोणाला होता आणि कोणी तो वापरला असता, मला सांगता येणार नाही. आज तो हक्क कागदावर आहे. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये ‘सोलास’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार पहिल्यांदा झाला. त्याच्या आजच्या नियमांत सरळ लिहिलंय, की माणसांच्या जिवासाठी कॅप्टनने घेतलेल्या निर्णयात मालकाने किंवा कंपनीने आडकाठी करायची नाही. म्हणजे खाली काउंटरवर हात आपटणाऱ्यांचा आवाज वर ब्रिजवर पोचला असता, तरी उपयोग नव्हता. आपल्या ऑफिसात असा एक तरी माणूस असता, तर किती मीटिंगा वाचल्या असत्या!

साडेदहाला बोट वळली.

आधी माडांची एक काळपट पट्टी. मग तिच्या अलीकडे, पांढऱ्या फेसाच्या दोऱ्याच्या पलीकडे, तो रंग. मी मराठीतली पदवीधर, लिहून पोट भरणारी, आणि मला शब्द सापडेना. ‘टर्क्वाइज’ असं काहीतरी माझ्या तोंडातून निघालं.

‘ते काय असतं?’ आई म्हणाली. आई मुकुंदवाडीत ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-बीडिंग करते. तिने कठडा एका हाताने घट्ट धरला, दुसरा हात कपाळावर आडवा ठेवला आणि बाबांना सांगायला सुरुवात केली. ‘हे बघा. आपल्या बोटीखाली आहे तो चिंतामणी. गडद. मग पांढरी किनार. किनारीच्या आत रामा कलर. आणि पार आत, झाडांच्या पायाशी, धुऊन धुऊन विटलेला पोपटी.’

बाबा काही बोलले नाहीत. आजोबांनी दुर्बीण पुढे केली, ती त्यांनी हाताने बाजूला सारली. मान थोडी तिरपी केली. डाव्या डोळ्याने सरळ बघितलं तर मध्ये धुकं येतं, कडेने बघितलं तर जरा बरं, ही युक्ती त्यांनी स्वतः शोधलेली आहे. दोन-तीन मिनिटं तशीच गेली.

‘रामा नाही,’ बाबा म्हणाले. ‘रामात हिरवा जास्त असतो. हा आनंदी आहे.’

‘आनंदी? अहो, आनंदी इतका फिका असतो का?’

‘पांढरा पडलाय त्यात. खालून वाळू मारू राहिली ना. पांढऱ्या प्रायमरवर पातळ कोट दिला की असाच येतो.’

‘रामाच आहे.’

‘अगं, ३१ वर्षं काय केलं मी?’

‘मग मी काय केलं?’

हे भांडण वीस मिनिटं चाललं. बोट अगत्तीला समांतर चालली होती आणि माझे आई-बाप कठड्याला धरून शेडवर भांडत होते. खालच्या डेकवर टांबोला सुरू झाला होता, ‘टू फॅट लेडीज, एटी एट’ ऐकू येत होतं. आजोबा हसत होते. मी फोटो काढायचे विसरले नाही, बरेच काढले. फोटोत पाणी सरळसोट निळं आलंय. बाबा म्हणतात तसं, मोबाइलला काही कळत नाही.

मग पट्टी मागे गेली. बाबा बराच वेळ मान तिरपी करून उभे होते, नुसतं निळं उरलं तरी. मी विचारलं, ‘थकलात का? बसता का?’ ते म्हणाले, ‘मोबाइलने वाढवलेला नव्हता तो. कमीच केला होता.’

मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. काचेच्या तळाच्या होडीतून पोवळी दाखवायची होती. वाळूत त्यांचे पाय भिजवायचे होते. फोटोतल्या त्या पाण्यात उभं राहिल्यावर पाय दिसतात, तसे त्यांचे त्यांना दिसले असते का, हा प्रश्न माझ्या मनात दोन वर्षं होता आणि तो तसाच राहिला. त्या डोळ्याला पुढच्या दिवाळीपर्यंत किती दिसेल हे कोणी लिहून देत नाही. रात्री केबिनमध्ये ते दोघं झोपल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. बोटीवरचं बाथरूम इतकं लहान असतं की तिथे नीट रडताही येत नाही, कोपर आपटतं.

दुसऱ्या दिवशी समुद्र पाहत बसले असताना मला सारखी आठवत होती आमच्या गल्लीतली २०१९ची पोरं. पावसाने दडी मारली होती. मुकुंदवाडीतली लहान लहान मुलं घागरी, कॅन घेऊन रेल्वेत चढायची, औरंगाबाद स्टेशनवर पाणी भरायची आणि पुढच्या गाडीने परत. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. त्या मुलांच्या बातम्या परदेशी वृत्तसंस्थांनीही दिल्या. जायकवाडी ५० किलोमीटरवर आणि नळाला पाण्याचा ‘वार’ ठरलेला, अशात मी लहानाची मोठी झाले. पाणी यायचं म्हणून आई शिवण थांबवून बसायची, आणि मग कोणीतरी ओरडायचं, ‘आज नाही येणार, लाइन फुटली!’ आई काय करायची? रिकाम्या बादल्या पालथ्या घालायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. तेव्हा ती चिडत नसे, याचा मला राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो. लाट आणि फुटलेली पाइपलाइन या दोन गोष्टी सारख्या नाहीत. लाटेवर कोणाचा इलाज नाही. पाइपलाइनसाठी काउंटरवर जाऊन हात आपटायलाच हवा.

आणि त्या दिवशी नुकसान झालेली आणखीही माणसं होती, ज्यांनी काउंटर गाठला नाही. अगत्तीचे होडीवाले. शहाळी सोलून ठेवलेले. एका बोटीचे प्रवासी येणार म्हणून मासे आणि भात करून बसलेल्या बायका. त्यांचा आख्खा दिवस गेला. शिवाय त्यांचं स्वतःचं येणं-जाणंही असंच असतं: हवा बिघडली की कोचीची बोट नाही, मग दवाखाना, परीक्षा, लग्न सगळं खोळंबलेलं.

हिशेबाचं सांगते, कारण पुढच्या सीझनला तुमच्यापैकी काही जण जाणारच आहात. बंदर रद्द झालं तर भाडं परत मिळत नाही, बहुतेक कंपन्यांच्या अटी तशाच असतात. बंदराचे चार्जेस आणि बोटीतर्फे बुक केलेल्या सहली यांचे पैसे साधारणपणे परत येतात. बेटावर तुम्ही परस्पर काही ठरवलं असेल तर ते बुडालं. प्रवास विमा काढताना ‘रद्द झालेलं बंदर’ त्यात येतं का, हे आधी वाचा. आणि अरबी समुद्रात वादळांचे दिवस मे-जूनमध्ये आणि मग ऑक्टोबर ते डिसेंबर, तेव्हा तारखा निवडताना नुसतं लाँग वीकेंडचं कॅलेंडर बघू नका.

आमचे पोर्ट चार्जेस दोन महिन्यांनी आले. तिघांचे मिळून फार नव्हते. आई म्हणाली, याचं मला ब्लाउजपीस घेऊन दे, त्या रंगाचं. आम्ही तिघं गुलमंडीत गेलो. दुकानदाराने एकामागून एक ताके उलगडले. आईने एकावर बोट ठेवलं, ‘हा. रामा.’ बाबा तो कपडा घेऊन दुकानाच्या दारात, उन्हात गेले. मान तिरपी केली.

‘यात पांढरा कमी आहे,’ ते म्हणाले. ‘दुसरा दाखवा.’

शेवटी दोन घेतले. दोन्ही अजून आईच्या मशीनवर न शिवता पडलेले आहेत, कारण कोणता आधी शिवायचा हे ठरत नाहीये.